फुटलेल्या आव्याचा व्हिडिओ

उन्हाळा तोंडावर आला की त्या घरात कुणी आजारी पडत नसे, कुणी पाहुणा म्हणून कुठे जात नसे आणि कुणी फार विचारही करत नसे. घर कुंभाराचं. लोकांना तहान लागायच्या आत मडकी भाजून तयार हवीत, एवढा एक विचार सगळ्यांना पुरायचा.

त्या वर्षी भलत्याच वेळी पाऊस आला आणि आठवडाभर हलला नाही. अंगणात वाळत घातलेली कच्ची मडकी घरात घ्यावी लागली. ओसरी भरली, मधली खोली भरली, झाकण्या खाटेखाली गेल्या. म्हातारी मडक्यांना वळसे घालत चुलीपर्यंत जायची आणि सून मडक्यांना वळसे घालत म्हातारीपासून लांब राहायची. जळणही भिजलं होतं. गोवरी उचलली की अर्धी हातात यायची, अर्धी जमिनीला चिकटून राहायची.

शेवटी ऊन पडलं. म्हाताऱ्यानं दिवसभर आभाळाकडे संशयानं पाहिलं आणि संध्याकाळी म्हणाला, "उद्या आवा लावायचा."

म्हातारीनं जवळच्या मडक्याच्या पोटावर तळवा ठेवला. ताप बघावा तसा.

"अजून गार लागतंय. राहू द्या दोन दिवस."

"मडकी कोण घडवतं?"

"तुम्ही."

"मग?"

"वाळत कोण घालतं?"

म्हातारा उठून जळण निवडायला लागला. उत्तर नसलं की तो कामाला लागत असे. गावात त्याला कडक म्हणत. गिऱ्हाईक दरावरून फारच घासाघीस करायला लागलं तर तो त्याच्या हातातलं मडकं काढून घ्यायचा आणि "ओंजळीनं पी" म्हणून सांगायचा. त्यामुळे त्याची मडकी चांगली असूनही बरेच लोक प्लास्टिकच्या बाटलीनं पीत होते.

दुसऱ्या दिवशी आवा लागला. खाली जळण, वर मडक्यांच्या उतरंडी, त्यावर भुसा आणि राख. एकदा पेटवला की आत काय चाललंय ते कुणालाच कळत नाही, कुंभारालाही नाही. तो फक्त कळत असल्यासारखं तोंड करून बसतो. म्हातारा तसा बसला. आतून मधूनमधून दबका आवाज येत होता. म्हातारीनं तो ऐकला आणि काही बोलली नाही. म्हाताऱ्यानं तिला न बोलताना पाहिलं.

आवा निवला त्या सकाळी सून अंगणात मोबाईल घेऊन उभी होती. तिनं घरच्या धंद्याचं एक पेज काढलं होतं. चाकावर फिरणारी माती, मातीवर सासऱ्याचे हात, असे व्हिडिओ ती त्यावर टाकायची. ते बघायला तिचा भाऊ, तिच्या दोन मैत्रिणी आणि परक्या लिपीत नाव असलेला एक माणूस एवढे नेमानं येत. तो माणूस प्रत्येक व्हिडिओखाली हात जोडायचा. तो कोण, कुठला, कशासाठी हात जोडतो, काही कळायला मार्ग नव्हता. पण त्याच्या भरवशावर पेज चाललं होतं.

"मी राख काढायला हात लावते. तुम्ही धरा," तिनं नवऱ्याच्या हातात मोबाईल दिला. मग सासऱ्याला म्हणाली, "आबा, आधी थोडं हसा."

"कशाला?"

"लोकांना बरं वाटतं."

"मडकं बघून वाटू दे," म्हातारा म्हणाला आणि राखेत हात घातला.

पहिल्यांदा मडक्याचा गळा आला. नुसता गळा. म्हाताऱ्यानं तो बाजूला ठेवला. मग एक बूड आलं. मग एक अख्खं मडकं आलं असं वाटलं, पण पलीकडची बाजू नव्हती. यानंतर तो दोन्ही हातांनी उकरायला लागला. राख उडाली, भुवया पांढऱ्या झाल्या. सून मागे सरली. खालपर्यंत तेच होतं. ओल्या मडक्यातलं पाणी आचेनं बाहेर पडायला बघतं, आणि वाट नसली की वाट करतं.

म्हातारा कोमट राखेत बसला आणि रडला.

ते बघवेल असं रडणं नव्हतं. नाक वाहिलं, खालची कवळी पुढे सरकली, कमरेचा पंचा सुटला. तोंडातून जो आवाज आला तो एरवी जनावरं विकताना गोठ्यातून येतो. आणि मागून म्हातारीचा आवाज आला, अगदी शांत, "मी सांगत होते."

तो नुकसानीला रडला असं नंतर जगानं ठरवलं. घरातल्यांना माहीत होतं की तो त्या वाक्याला रडला. बायको काय म्हणणार हे त्याला आवा पेटवल्यापासून माहीत होतं, आणि ती म्हणाली.

मुलाच्या हातात मोबाईल होता. बाप खाली बसला तेव्हा चौकटीत त्याचं नुसतं डोकं राहिलं. तेव्हा मुलगा दोन पावलं मागे सरकला. आता बापही मावला आणि फुटलेला आवाही मावला. हे मुद्दाम केलं का, असं पुढे त्याला बऱ्याच जणांनी विचारलं. त्यानं स्वतःलाही विचारून पाहिलं. पाय मागे गेले, एवढंच त्याला आठवत होतं.

दुपारी सून म्हणाली, "टाकू का?"

"आबांना विचार."

"तुम्ही विचारा. तुमचे वडील."

म्हातारा ओसरीत पालथा झोपला होता. त्याला उठवणं बरं दिसलं नसतं. त्या मानानं व्हिडिओ टाकणं सोपं होतं. तिनं खाली व्हायोलिन लावलं आणि टाकला.

संध्याकाळपर्यंत मोबाईल इतका तापला की तिनं तो मडक्याखालच्या ओल्या वाळूजवळ ठेवला. ज्यांनी जन्मात मडकं पाहिलं नव्हतं ते लोक रडत होते. परक्या लिपीतला माणूस त्या गर्दीत कुठे हरवला ते कळलं नाही. काहींनी म्हाताऱ्याला बाप मानलं. बऱ्याच जणांनी म्हातारीला समज द्यायला सांगितलं. 'अशा वेळी टोमणे मारणारी बाई घरात असल्यावर आवा फुटणारच,' असं एकानं लिहिलं, आणि ते हजारो लोकांना पटलं. आणि मुलासाठी बरंच काही होतं. 'मागे काय सरकतोस, बापाला धर.' 'याला पायच नको होते.' कुणीतरी नुसती ती दोन पावलं कापून वेगळा तुकडा केला होता. त्यात तो मागे जायचा, मागे जायचा, मागे जायचा.

सुनेनं ते नवऱ्याला दाखवलं नाही. त्यानं ते आधीच पाहिलं होतं.

मग माणसं यायला लागली.

गाड्या गावाच्या वेशीवर वाट विचारायच्या. "ते रडणारे आजोबा कुठे राहतात?" शेजारचा गवंडी भिंतीवर बसून वाट दाखवायचा. "ते काय, समोर. पण आज ते हसतायत. उशीर केलात."

शहरातली माणसं अंगणात यायची, म्हाताऱ्याच्या पाठीवरून हात फिरवायची.

"रडू नका आता, आजोबा."

"मी कुठे रडतोय. दर सांगतोय."

"सांगा ना. तुम्ही म्हणाल तो."

इथेच त्याची पंचाईत व्हायची. त्यानं दर सांगायचा, समोरच्यानं डोळे मोठे करायचे, त्यानं बापजाद्यांची आणि मातीची कुळी काढायची, समोरच्यानं उठून फाटकापर्यंत जायचं, मग परत यायचं, असं त्याचं दुकान आजवर चाललं होतं. ही माणसं सांगितला तेवढा दर द्यायची आणि वर हात जोडायची. मडकं कुणी उचलून बघत नव्हतं, बोटानं वाजवून बघत नव्हतं. फुटक्या आव्यातून वाचलेली, कुठे कुठे चिरलेली मडकी त्यानं कोपऱ्यात टाकली होती. एका बाईनं त्यातलं एक उचललं.

"हेच द्या."

"ते गळेल."

"असू दे. यात खरी गोष्ट आहे."

"गोष्ट असेल, पण पाणी नाही राहायचं."

"आम्ही पाणी भरणारच नाही हो."

म्हाताऱ्यानं मुलाकडे पाहिलं. मुलगा मडकं कागदात गुंडाळायला लागला. बाईनं म्हाताऱ्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढला आणि त्याला थोडं खाली बघायला सांगितलं.

एका तरुणानं येऊन त्याच्या अंगावर घोंगडी घातली. ऊन मी म्हणत होतं. दुसऱ्यानं कॅमेऱ्यासमोर त्याला स्वतःच्या हातानं बिस्कीट भरवलं. म्हातारी आतून म्हणाली, "त्यांना साखर आहे." तेही व्हिडिओत आलं, आणि तिला पुन्हा शिव्या पडल्या.

पण मडकी जात होती, हे खरं होतं. ऑर्डरी येत होत्या. मुलानं गावाबाहेरच्या शीतगृहात पहारेकऱ्याची नोकरी बोलून ठेवली होती, रात्रीची पाळी, शिट्टी आणि दांडकं मिळणार होतं. ती त्यानं नको म्हणून कळवली. बापाला तो म्हणाला, "आता मी घरीच." बाप मातीवर पाणी शिंपडत राहिला. पण त्या दिवशी त्यानं माती मळताना मुलाच्या पायांना नावं ठेवली नाहीत. त्या घरात याहून जास्त आनंद कुणी दाखवत नसे.

गावातल्या पोरांनी एक नवा खेळ काढला होता. एकानं मातीत बसून रडायचं, दुसऱ्यानं मागे मागे सरकायचं. म्हातारा रस्त्यानं निघाला की खेळ थांबायचा आणि तो गेला की सुरू व्हायचा. त्याला ऐकू कमी येत नव्हतं.

या गर्दीत एकदा खानावळवाला आला. बसस्टँडजवळ त्याची खानावळ होती, आणि उभ्या आयुष्यात त्यानं दुसऱ्या कुणाचं मडकं घेतलं नव्हतं. म्हातारा आणि तो दर उन्हाळ्यात एकमेकांना यथेच्छ बोलत. एकदा तर खानावळवाला तिसऱ्यांदा फाटकातून परत आला होता. त्याच्याकडे बटणांचा फोन होता, त्यामुळे म्हाताऱ्याला पाहून न रडलेला तो एकटाच माणूस असावा. तो मोटारींच्या मागे उभा राहिला. म्हातारा कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून फोटोला उभा होता.

"फार गिऱ्हाईक आहे बाबा तुझ्याकडे," खानावळवाला लांबूनच म्हणाला. "मला मोठा रांजण पाहिजे. जुना तडकलाय. सवडीनं कर."

"दर बोललास नाही."

"येईन तेव्हा भांडू," म्हणाला आणि गेला.

पुढचा आवा म्हाताऱ्यानं म्हातारीच्या तळव्याला विचारून लावला. तो असा निघाला की एक झाकणीसुद्धा चिरली नाही. लालबुंद मडकी, वाजवली तर शेजारच्या गवंड्यानं भिंतीपलीकडून "कोण आलंय रे दारात?" म्हणून विचारावं. सुनेनं व्हिडिओ घेतला. म्हातारा दोन्ही हातांत मडकी धरून हसत होता. तिनं बासरी लावली.

तो कुणी पाहिला नाही. पाहिला त्यांनी लिहिलं, 'चला, आजोबांचे दिवस पालटले,' आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी दुःखाकडे गेले. काही दिवसांनी एकानं लिहिलं की पहिला व्हिडिओही ठरवून केलेला असणार. त्याखाली बऱ्याच जणांनी होकार दिला. ज्यांनी बाप मानलं होतं त्यातलेही काही होते.

गाड्या थांबल्या. अंगणात मडकी साठत गेली, मग ओसरीत, मग मधल्या खोलीत. आता ती भाजलेली होती, एवढाच फरक. म्हातारी पुन्हा वळसे घालत चुलीकडे जायला लागली. मुलगा गाडीवर मडकी घालून बाजारात गेला आणि बरीचशी परत घेऊन आला. शीतगृहाच्या मॅनेजरनं निरोप पाठवला, दांडकं अजून रिकामं आहे.

सून आणि मुलगा मागच्या दारी माती चाळत होते.

"लोकांना पुढचं बघायचंय," ती म्हणाली. "पुढे काय झालं ते."

"पुढे आवा चांगला निघाला."

"ते नाही बघायचं त्यांना."

त्यानं चाळणीतले खडे बाजूला टाकले.

"तू विचार आबांना," तो म्हणाला.

"मी नाही. मी सून आहे."

"मी मुलगा आहे."

"म्हणून तर."

दोघांनीही विचारलं नाही. दोन-तीन दिवस नुसते म्हाताऱ्याच्या आसपास राहिले. त्याच्या हाताशी पाणी ठेवायचे, त्याच्या विनोदांना हसायचे. म्हातारा तेवढा मूर्ख नव्हता. जेवताना त्यानं मधेच विचारलं,

"मागच्या वेळी मी किती वेळ रडलो?"

सून भाकरी मोडायला लागली.

"अगं, तुला विचारतोय."

"दीड मिनिट असेल," सून ताटात बघून म्हणाली.

"फार नाही," म्हातारा म्हणाला. "तेवढं जमेल."

मुलाच्या तोंडात घास होता. त्यानं पाणी पिऊन तो उतरवला आणि दुसरा घेतला. नको म्हणायला ती जागा बरोबर होती, हे त्याला कळत होतं. दुसऱ्या घासानंतरही होती. मग म्हाताऱ्यानं ताट सरकवलं आणि ती जागाही गेली.

"मी नाही त्यात," म्हातारी म्हणाली. "मला शिव्या पडतात."

"तुझा आवाज लागेल," म्हातारा म्हणाला. "'मी सांगत होते' म्हणायला."

"काय सांगत होते? या खेपेला मी काय सांगितलंय?"

"ते आम्ही बघू. तू म्हण फक्त."

एक छोटा आवा लावला, त्यात खानावळवाल्याचा रांजण होता. तो उजाडताच उघडला, कुणी यायच्या आत. सगळं अख्खं होतं. रांजण तर असा आला होता की म्हाताऱ्यानं त्याच्या पोटावरून हात फिरवला आणि त्याला हसू आलं. मग घरच्यांचे चेहरे बघून त्यानं ते आवरलं. आपण काहीतरी गैरसोय करून ठेवल्यासारखं त्याला वाटलं.

"आता हे फोडायचं?" त्यानं विचारलं.

"नाही, नाही," मुलगा म्हणाला. "हे आत ठेवू. मागची खापरं आणू."

घरामागे खापरांचा ढीग होता. पिढ्यान्‌पिढ्यांची फुटतूट तिथे पडलेली असे. चौघांनी मिळून चांगली मडकी मागच्या खोलीत नेली. रांजण जड होता, तो आव्याच्या कडेलाच ठेवून त्यावर पोती टाकली. मग टोपल्या भरभरून खापरं आणली आणि कोमट राखेत पसरली. मी त्यात नाही म्हणणाऱ्या म्हातारीनंही दोन टोपल्या आणल्या. म्हातारा सांगत होता, "गळे वर ठेवा, बुडं खाली. आवा असा नाही फुटत." हे काम त्याला नीट व्हायला हवं होतं. तो सगळीच कामं तशी करायचा.

गवंडी भिंतीवर आला. त्यानं दात घासता घासता बराच वेळ पाहिलं.

"काय कडक, आवा उपसताय की भरताय?"

"तू तुझ्या विटा बघ."

"नाही, मला वाटलं भाजलेलं पुन्हा भाजायचं काही नवीन निघालंय."

सुनेनं भल्या दिवसांत घेतलेल्या तीन पायांच्या स्टँडवर मोबाईल लावला. नवऱ्याचा हात हलतो, असं ती म्हणाली. नवरा बाजूला झाला. तिनं बटण दाबलं. म्हातारा राखेत बसला. कपाळाला हात लावला.

काही आलं नाही.

"आबा, हात थोडा खाली. तोंड झाकतंय."

त्यानं हात खाली घेतला. खांदे हलवले. घशातून एक आवाज काढला. गवंडी भिंतीवर खोकला, तो खोकला नव्हता.

"तुमची आई आठवा," सून हळूच म्हणाली.

"ती गेली तेव्हाही नव्हतो रडलो. चाकावर माती होती." त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मग वैतागून म्हणाला, "त्या दिवशी आपोआप झालं होतं."

म्हातारीनं घरातून कांदा आणला. मुलानं तो बुक्कीनं फोडला. बापाच्या डोळ्याखाली तो चोळायला कुणीतरी हवं होतं. सून मोबाईलकडे बघत राहिली, म्हातारीनं पदराला हात पुसले. मुलगा खाली वाकला. बापानं लहान पोरासारखी हनुवटी वर केली. डोळे मिटले. एवढ्या जवळून त्यानं बापाचा चेहरा कधी पाहिला नव्हता. पापण्यांच्या सुरकुत्यांत राख बसली होती. तो चोळत असताना बाप म्हणाला, "या बाजूला थोडा अजून."

डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी फाटक वाजलं.

खानावळवाला होता. रांजण न्यायला हातगाडी घेऊन आला होता. त्यानं राखेत बसलेला म्हातारा पाहिला, चौफेर पसरलेली खापरं पाहिली, आणि हातगाडी फाटकातच सोडली.

"सगळा गेला?"

मुलगा उठून आव्याच्या उजव्या कडेला उभा राहिला. त्याचा हात पाठीमागे होता, त्यात कांदा होता.

खानावळवाल्यानं चपला काढल्या. माणूस गेलेल्या घरात शिरावं तसा तो अनवाणी आला आणि म्हाताऱ्याशेजारी राखेत बसला. धोतर पांढरं होतं. दर उन्हाळ्यात ज्याच्याशी तो तावातावानं भांडत आला, त्याच्या गुडघ्यावर त्यानं हात ठेवला.

"असू दे," तो म्हणाला. "रांजणाची घाई नाही मला. पुढच्या खेपेला दे. नाहीतर त्याच्या पुढच्या."

म्हातारा समोर बघत होता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"घासाघीस करणार नाही या वेळी. तू म्हणशील तो दर." तो सुनेकडे वळला. "मुली, आज चूल पेटवू नका. दोन्ही वेळचं जेवण मी पाठवतो."

सून हो म्हणाली. 

काहीतरी करायचं म्हणून खानावळवाल्यानं पुढ्यातलं एक खापर उचललं. उलटं केलं. आतल्या बाजूला हिरवं शेवाळ होतं, वाळलेलं. त्यावर एक मुंगी चालत होती. त्यानं दुसरं उचललं. ते काठाशी झिजून गुळगुळीत झालं होतं. त्यानं पोत्यांकडे पाहिलं, खाली फुगलेल्या आकाराकडे पाहिलं. मग तीन पायांवर उभ्या असलेल्या मोबाईलकडे पाहिलं. मग हवेत नाक ओढलं. आयुष्यभर खानावळ चालवलेल्या माणसाला कांद्याचा वास नवा नव्हता.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. गवंड्यासारखा हसला असता तरी चाललं असतं. त्यानं दोन्ही खापरं जिथून उचलली होती तिथेच, आवाज न करता ठेवली. उठला. धोतराची राख झटकली नाही.

"येतो," म्हणाला. आणि फाटकाशी चपला घालताना, मागे न बघता, "जेवण पाठवतो म्हटलंय, ते पाठवतो."

हातगाडीची चाकं रस्त्यानं लांबपर्यंत ऐकू येत राहिली. रिकामी गाडी जास्त वाजते.

भिंतीवरचा गवंडी केव्हाच उतरून गेला होता.

म्हातारा आधी नुसता बसून होता. मग त्याचं तोंड उघडलं आणि बराच वेळ त्यातून आवाजच आला नाही. आला तो पहिल्या वेळचा नव्हता. बारीक होता, आत ओढल्यासारखा, जणू कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तो रडत होता. तो पुढे वाकत गेला, वाकत गेला आणि कपाळ खापरांना टेकलं. म्हातारीनं म्हणायचं ते वाक्य म्हटलं नाही. ती पाठ फिरवून आत गेली.

या वेळी मुलगा मागे सरकला नाही. तो धावला. त्यानं कांदा टाकला, खापरांत गुडघे टेकले, बापाच्या काखेत हात घातले आणि त्याला वर घेतलं. बाप हलका होता, भिजून वाळलेल्या पोत्यासारखा. त्यानं त्याला छातीशी धरलं. बापाची हाडं त्याच्या हातांत हलत होती. "आबा," तो म्हणाला, "आबा, बस. बस आता." हे त्यानं मनापासून म्हटलं. त्याचेही डोळे भरले.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तो डावीकडून आला होता. उजवीकडून जवळ होतं. उजवीकडे तो अगोदरपासून उभा होता. पण उजवीकडून धरलं असतं तर त्याच्या पाठीआड बापाचा चेहरा झाकला गेला असता. तो आव्याला वळसा घालून आला होता. पाय आपोआप गेले होते. आता बापाचा चेहरा उजेडात होता, त्याचा स्वतःचा अर्धा दिसत होता, आणि समोर तीन पायांवर मोबाईलचा लाल ठिपका चालू होता.

त्यानं मिठी सोडायला हवी होती. सोडली नाही. सुनेनं पुढे होऊन बटण बंद करायला हवं होतं. ती हलली नाही.

म्हाताऱ्याचा हुंदका कमी होत गेला. त्यानं मुलाच्या खांद्याला नाक पुसलं. कवळी आत ढकलली. मग त्याच्या कानाशी, एखादं मडकं गाडीवर नीट लागलं का विचारावं तसं विचारलं,

"आलं का सगळं?"

मुलानं मोबाईलकडे पाहिलं.

"आलं, आबा."

"मग सोड आता," म्हातारा म्हणाला.